एकट्याने, एका दिवसात त्सुबाकुरो-दाके : जपानी आल्प्समधील २७६३ मीटर उंचीच्या शिखराची सविस्तर वाट

जपानच्या नागानो प्रांतात, उत्तर आल्प्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पर्वतरांगेत त्सुबाकुरो-दाके हे २७६३ मीटर उंचीचे शिखर आहे. नोकरी-शिक्षणानिमित्त जपानमध्ये राहणाऱ्या, सह्याद्रीत पाय मुरलेल्या आणि एखादे उंच शिखर एकट्याने एका दिवसात करून यावे अशी इच्छा असणाऱ्या वाचकांसाठी मी मुद्दाम हे शिखर निवडले आहे. इथली पाऊलवाट ठळक आहे, ठरावीक टप्प्यांवर विसाव्याच्या जागा आहेत, वाटेत दोन ठिकाणी माणसांचा वावर असलेल्या डोंगरी निवाऱ्यांचा आधार आहे आणि हाताने कातळ धरून चढण्याची वेळ जवळजवळ येत नाही. तरीही ही चढाई सोपी नाही. नाकाबुसा येथील पायथा १४६२ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून (१६४६ मीटर) जेमतेम दोनशे मीटर खाली. तिथून पुढे १३०० मीटर चढायचे आणि त्याच दिवशी तितकेच उतरायचे असते. ज्या सोंडेवरून ही वाट जाते ती कास्सेन-ओने ही उत्तर आल्प्समधील तीन प्रसिद्ध खड्या चढांपैकी एक मानली जाते.

अनेकांच्या मनात पहिले नाव फुजीचे येते. फुजी एका दिवसात, विश्रांती न घेता चढून उतरण्याला जपानी प्रशासनाचा स्पष्ट विरोध आहे. २०२५ च्या हंगामापासून सर्व मुख्य वाटांवर ४००० येन शुल्क घेतले जाते आणि निवाऱ्याचे आरक्षण नसलेल्यांना दुपारनंतर वर सोडले जात नाही. शिवाय ३७७६ मीटरची उंची एकाच दिवसात अंगावर घेणे शरीराला जड जाते. पहिली एकट्याची चढाई म्हणून त्सुबाकुरो मला कितीतरी अधिक योग्य वाटते.

संपूर्ण लेखात एकच आग्रह पुन्हा पुन्हा येईल. सोबत माणसे असली की कोणीतरी ढग पाहते, कोणीतरी घड्याळ पाहते आणि कोणीतरी ‘आता परतू या’ असे म्हणते. एकट्या माणसाला हे सांगणारे कोणी नसते, आणि शिखर समोर दिसत असताना दमलेल्या मनाने घेतलेला निर्णय भरवशाचा नसतो. म्हणून कुठून परतायचे, किती वाजता परतायचे आणि कशामुळे चढायचेच नाही, हे सारे आदल्या दिवशी शांतपणे ठरवून कागदावर लिहून ठेवावे. जपानच्या राष्ट्रीय पोलीस संस्थेच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये डोंगरांत ३१२६ दुर्घटना घडल्या आणि त्यांत ३५६८ माणसे संकटात सापडली. या नोंदींत वाट चुकणे हे सर्वांत मोठे कारण आहे, आणि एकट्याने गेलेल्यांमध्ये मृत वा बेपत्ता होणाऱ्यांचे प्रमाण गटाने गेलेल्यांपेक्षा लक्षणीयरीत्या जास्त असते.

दिवस कोणता निवडावा

बर्फावर चालण्याचा अनुभव नसलेल्याने जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचाच काळ धरावा. या भागातला पावसाळा सरासरी १९ जुलैच्या सुमारास सरतो. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे हवा बहुधा स्थिर असते, मात्र दुपारी ढग उभे राहून वीज कडाडण्याची शक्यता याच दिवसांत सर्वाधिक असते. ऑगस्टमध्ये ११ तारखेची ‘पर्वत दिना’ची सुट्टी आणि त्याला लागून येणारे ओबोनचे (पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाचे) दिवस यांत वाटेवर फार गर्दी होते. सप्टेंबरमध्ये वादळांचे वेळापत्रक सांभाळावे लागते, आणि महिनाअखेरीस माथ्याजवळची झाडी लाल-पिवळी होते. ऑक्टोबरमध्ये माथ्यावर पहिला बर्फ पडू शकतो आणि दिवसही लहान होतो: जुलैअखेरीस सूर्य सातच्या सुमारास मावळतो, तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला साडेपाचलाच. माझ्या मते एकट्याने जाणाऱ्याने जुलैच्या शेवटच्या आठवड्यातील किंवा सप्टेंबरमधील कामाचा दिवस निवडावा. वाटेवर माणसे असतात, पण अरुंद जागी रांगा लागत नाहीत.

हवामान पाहताना पायथ्याच्या गावाचा अंदाज पुरेसा नाही. ‘तेन्की तो कुरासु’ या जपानी संकेतस्थळावर शिखरानुसार ए, बी, सी अशी चढाईची श्रेणी दिलेली असते आणि वरच्या थरांतील वाऱ्याचा वेगही दिसतो. सोबत जपानी हवामान संस्थेचा विजेचा अंदाज पाहावा. तापमानाचा हिशेब सोपा आहे. दर १०० मीटरला सुमारे ०.६ अंश घट धरली तर ६०० मीटरवरील मात्सुमोतोमध्ये ३२ अंश असताना माथ्यावर १९ अंशांच्या आसपास असते. त्यात दर सेकंदाला एक मीटर वाऱ्यामागे अंगाला साधारण एक अंश अधिक थंडी जाणवते, म्हणजे दहा मीटरचा वारा आणि भिजलेला शर्ट एवढ्यानेही भर उन्हाळ्यात माणूस कुडकुडू लागतो. माझा नियम असा आहे की श्रेणी सी असेल, किंवा दुपारपूर्वीच विजेची शक्यता दाखवत असेल, तर आदल्या संध्याकाळी बेत रद्द करावा आणि ‘पहाटे उठून बघू’ असे म्हणू नये.

नोंदणी आणि घरच्यांना द्यायची माहिती

नागानो प्रांताच्या नियमानुसार ठरवून दिलेल्या डोंगरवाटांवर जाण्याआधी चढाईचा आराखडा सादर करणे २०१६ पासून बंधनकारक आहे, आणि ही वाट त्यांत मोडते. पायथ्याशी ठेवलेल्या पेटीत कागद टाकता येतो, परंतु जपानी पर्वत-मार्गदर्शक संघटनेच्या ‘कंपास’ या सेवेतून घरूनच नोंद करणे अधिक चांगले. त्यात नाव, वय, संपर्क, वाट, सोबतचे साहित्य, उतरण्याची अपेक्षित वेळ आणि आणीबाणीचा संपर्क भरायचा असतो. उतरल्यावर ‘खाली पोहोचलो’ अशी नोंद आपण केली नाही, तर दिलेल्या संपर्काला सूचना जाते.

इथे एक गोष्ट नीट विचार करून ठरवावी. आणीबाणीचा संपर्क म्हणून पुण्याच्या किंवा नाशिकच्या आई-वडिलांचा क्रमांक देणे स्वाभाविक वाटते, पण त्यांना नागानोच्या पोलिसांशी जपानीत बोलता येणार नाही. म्हणून जपानमध्ये राहणारा, जपानी बोलू शकणारा सहकारी किंवा शेजारी हा पहिला संपर्क असावा. त्याला वाटेचे नाव, परतीची वेळ आणि ‘अमुक वाजेपर्यंत माझा निरोप आला नाही तर ११० क्रमांकावर पोलिसांना कळव’ एवढे स्पष्ट लिहून द्यावे. घरच्यांना कळवताना जपानचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास पुढे असते हे लक्षात ठेवावे, म्हणजे विनाकारण काळजी होणार नाही. डोंगरातील शोध व बचावाचा खर्च भरून देणारा विमा एका दिवसासाठीही मिळतो. तो काढावा, कारण खासगी शोधपथकाचा खर्च कुटुंबावर पडू शकतो.

पायथ्यापर्यंत पोहोचणे

तोक्योतील शिंजुकूहून ‘आझुसा’ ही जलद गाडी साधारण पावणेतीन तासांत मात्सुमोतोला पोहोचते. तिथून ओइतो मार्गावरील गाडीने अर्ध्या तासात होताका स्थानक येते, आणि होताकाहून हंगामी बस किंवा टॅक्सीने तासाभरात नाकाबुसा गाठता येते. बसच्या फेऱ्या मोजक्या असतात आणि दरवर्षी त्यांच्या तारखा व वेळा बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय निघू नये. तोक्योहून रात्रीची थेट बसही हंगामात सुटते. ती सोयीची वाटली, तरी बसमध्ये अर्धवट झोपून १३०० मीटरचा चढ एकट्याने चढण्याच्या मी विरोधात आहे. आदल्या दुपारीच पोहोचून नाकाबुसा ओन्सेन (गरम पाण्याच्या झऱ्याचे विश्रामगृह) किंवा थोडे खाली असलेल्या आरिआकेसो येथे मुक्काम करावा. झोप पूर्ण होते, पहाटे निघता येते, आणि १४०० मीटरच्या आसपास रात्र काढल्याने शरीराला उंचीची थोडी सवयही होते. स्वतःची गाडी असल्यास वाहनतळ पायथ्याच्या थोडे खाली आहेत आणि सुट्टीच्या दिवशी ते रात्रीच भरतात.

पाठीवर काय असावे

पावसाचे जाकीट आणि पावसाची पँट असे दोन स्वतंत्र कपडे हवेत. सह्याद्रीत चालून जाणारा सैल पोंचो माथ्यावरच्या वाऱ्यात उडतो आणि काहीच झाकत नाही. सुती शर्ट घालू नये. लवकर वाळणारा शर्ट, वर एक उबदार थर आणि हातमोजे ठेवावेत. घोट्याला आधार देणारे, वापरून मऊ झालेले बूट असावेत. दिवसाची चढाई असली तरी हेडलॅम्प हवाच, कारण पाय मुरगळला तर दोन तासांच्या उताराला पाच तास लागतात. शिट्टी, अंगावर गुंडाळायची चकचकीत आपत्कालीन चादर, प्रथमोपचाराचे सामान, कागदी नकाशा आणि पॉवर बँक हे साहित्य एकट्या माणसाच्या पाठीवरून कधीही कमी करू नये. या जंगलात काळी अस्वले आहेत, म्हणून घंटी बांधावी. पहाटेच्या शांततेत आणि दाट झाडीत ती वाजत राहिली पाहिजे. काठ्या वापरत असाल तर टोकांना रबरी टोपणे लावावीत, त्यामुळे वाटेची माती उकरली जात नाही.

पाण्याचा अंदाज जपानमध्ये सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सूत्राने करता येतो: शरीराचे वजन किलोमध्ये, गुणिले चालण्याचे तास, गुणिले ५, म्हणजे जाणारे पाणी मिलिलिटरमध्ये. ६५ किलोचा माणूस आठ तास चालला तर २६०० मिलिलिटर पाणी घाम आणि श्वासावाटे जाते, आणि त्यातले बहुतांश वाटेतच भरून काढायचे असते. सोंडेवर झरा नाही, निवाऱ्यांवर पाणी आणि पेये विकत मिळतात. मी दोन लिटर घेऊन निघण्याचा सल्ला देईन.

शाकाहारी माणसाने जेवणाची तजवीज स्वतः करावी. निवाऱ्यांवरच्या ‘करी-राइस’मध्ये बहुधा मांस असते, नूडल्सच्या रश्श्यात मासळीचा अर्क असतो, आणि दुकानातील साध्या दिसणाऱ्या भाताच्या त्रिकोणी वड्यांतही तो असू शकतो. दशम्या, गुळाची पोळी, शेंगदाण्याचे लाडू, चिक्की, खारे शेंगदाणे आणि मीठ-साखरेची पुडी यांवर हा दिवस उत्तम जातो. दर तासाला थोडे खावे, भूक लागण्याची वाट पाहू नये. शौचालयांसाठी १०० येनची नाणी सुटी ठेवावीत आणि कचऱ्यासाठी पिशवी घ्यावी, कारण निर्माण केलेला प्रत्येक कपटा खाली परत आणायचा असतो.

चढाई, टप्प्याटप्प्याने

पहाटे साडेपाचला पायथा सोडावा. निघण्यापूर्वी शौचालय, पाणी भरणे आणि बुटांच्या नाड्या पुन्हा आवळणे ही कामे उरकावीत. वाट पहिल्या पावलापासूनच चढू लागते, मुळांच्या आणि लाकडी पायऱ्यांच्या जंगलातून. इथे बहुतेक जण जोरात निघतात आणि पहिल्याच अर्ध्या तासात दमतात. तोंड मिटून नाकाने श्वास घेता येईल एवढ्याच गतीने चालावे.

पहिले बाक साधारण ४० मिनिटांवर आहे, आणि माझ्या मते संपूर्ण दिवसातले सर्वांत महत्त्वाचे काम इथेच करायचे असते. जपानी नकाशांवर प्रत्येक टप्प्याला विश्रांती न धरता लागणारा प्रमाणित वेळ छापलेला असतो. आपल्याला लागलेल्या वेळाला त्या छापील वेळेने भागावे. ४० च्या जागी ५० मिनिटे लागली असतील तर गुणोत्तर १.२५ येते, आणि चालण्याचे एकूण साडेसात तास सव्वानऊ तासांच्या पुढे जातात. त्यात विश्रांती मिळवली की शेवटची बस हुकते. गुणोत्तर १.३ च्या पुढे गेले तर त्या दिवसाचे लक्ष्य शिखर न ठेवता वाटेत पुढे येणारा कास्सेनचा निवारा ठेवावे. पुढच्या दोन बाकांवरही हाच हिशेब पुन्हा करावा, कारण थकवा तिथे दिसू लागतो.

दुसरे बाक, तिसरे बाक आणि मग फुजीमी बाक हे टप्पे एकमेकांपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने येतात. फुजीमी बाकावरून हवा स्वच्छ असली तर फुजी दिसतो. या भागात सामान वाहून नेणाऱ्या रज्जुमार्गाच्या तारा मधूनमधून डोक्यावर दिसतात. वरच्या निवाऱ्यांचे बरेच साहित्य त्यावरून जाते. समोरून माणसे आली तर चढणाऱ्याला आधी वाट देण्याची पद्धत आहे, पण दमले असाल तर हाताने खूण करून उतरणाऱ्यांना पुढे जाऊ द्यावे. बाजूला होताना नेहमी डोंगराच्या बाजूला उभे राहावे. दरीच्या कडेला उभे राहिलेल्या माणसाला समोरच्याच्या पिशवीचा नुसता धक्काही पुरतो. वरून दगड सुटला तर ‘राकु!’ अशी आरोळी ऐकू येते. ती ऐकताच वर पाहून बाजूला सरावे, आणि आपल्या पायाखालून दगड गेला तर आपणही तसेच ओरडावे.

साडेआठच्या आसपास, सुमारे २३५० मीटरवर कास्सेनचा निवारा येतो. उन्हाळ्यात इथे कलिंगडाच्या मोठाल्या फोडी मिळतात आणि त्या खाण्यासाठी थांबणे सर्वार्थाने योग्य आहे, कारण पाणी, साखर आणि वीस मिनिटांची विश्रांती एकदमच मिळते. परंतु इथेच स्वतःची तपासणीही करावी. डोके दुखते आहे का, मळमळते आहे का, बोटांनी बुटाची नाडी नीट आवळता येते का? यांपैकी काहीही जाणवत असेल तर वर जाऊ नये. उंचीच्या त्रासावर खाली उतरण्याइतका खात्रीचा उपाय नाही. पश्चिमेकडे काळे ढग उभे राहत असतील तरीही इथूनच परतावे, कारण यापुढे थोड्याच वेळात झाडे संपतात आणि विजेपासून आडोसा राहत नाही.

निवाऱ्यापासून चढून गेले की २४८८ मीटरवर कास्सेनचा माथा लागतो. भूर्जाची झाडे विरळ होतात, जमिनीला चिकटून पसरलेले बुटके पाइन सुरू होतात आणि यारी-गा-ताकेचा (३१८० मीटर) भाल्यासारखा सुळका पहिल्यांदा नजरेस पडतो. मग लांबवर एन्झान्सोची इमारत दिसते. ती जवळ वाटते, परंतु शेवटचा चढ बराच ओढून घेतो. १९२१ मध्ये सुरू झालेला हा निवारा डोंगराच्या मुख्य धारेवरच आहे. धारेवर पाऊल टाकताच पश्चिमेकडची सारी रांग एकदम उघडते, आणि त्याच क्षणी वाराही अंगावर येतो. म्हणून धारेवर येण्याच्या थोडे आधीच, आडोशाला थांबून जाकीट चढवावे.

एन्झान्सोपासून शिखर अर्ध्या तासावर आहे. जड पिशवी निवाऱ्यापाशी ठेवून जाण्याची इथे पद्धत आहे. एकट्या माणसाने मात्र पावसाचे कपडे, पाणी, फोन आणि शिट्टी सोबत न्यावी. वाट झिजलेल्या ग्रॅनाइटच्या पांढऱ्या रेतीची आहे आणि तिच्यावर सह्याद्रीतल्या घसाऱ्याप्रमाणेच पाय सरकतो, त्यामुळे पूर्ण तळवा टेकवून चालावे. वाऱ्या-पावसाने घडवलेल्या कातळांत डॉल्फिनच्या आणि चष्म्याच्या आकाराचे दगड प्रसिद्ध आहेत. उन्हाळ्यात या रेतीतच कोमाकुसा ही गुलाबी फुले उमलतात. रोपांभोवती बांधलेल्या दोऱ्यांच्या आत पाऊल टाकू नये, कारण एका बुटाने चिरडलेले रोप या हवेत पुन्हा उभे राहायला फार काळ लागतो. रायचो हा संरक्षित पक्षी दिसला तर जागेवरच थांबून त्याला वाट द्यावी. कातळांवर रंगाने काढलेला गोल म्हणजे वाट आणि फुली म्हणजे ‘इकडे जाऊ नये’, एवढे ठाऊक असले की जपानी वाचता न येताही दाट धुक्यात दिशा राखता येते. शिखराची जागा अगदी लहान आहे. फोटो काढून पुढच्या माणसाला जागा द्यावी आणि फोटोसाठी मागे सरकत जाऊ नये.

परतीची वेळ मी अकरा ठरवतो. अकरा वाजता आपण जिथे असू तिथून वळायचे, मग शिखर दहा मिनिटांवर का असेना. दक्षिणेकडे ओतेन्शो-दाकेकडे जाणारी धार फार मोहक दिसते, पण ती अनेक दिवसांच्या चालीची वाट आहे आणि एका दिवसाच्या बेतात तिला जागा नाही.

उतार

एन्झान्सोपासून पायथ्यापर्यंत उतरायला सुमारे पावणेतीन तास लागतात आणि घसरून पडण्याचा धोका चढण्यापेक्षा इथे अधिक असतो. मांड्या थकलेल्या असतात, मन घरी पोहोचलेले असते आणि मुळे ओली असतात. पावले लहान ठेवावीत, गुडघे किंचित वाकलेले असावेत आणि दर बाकावर पाच मिनिटे बसून काहीतरी खावे. फोन ‘विमान’ स्थितीत ठेवून आधी उतरवून घेतलेल्या नकाशावर स्थान पाहत राहावे; दरीत सिग्नलवर भरवसा ठेवू नये.

वाट चुकल्याची शंका आली तर लगेच थांबावे आणि शेवटची खूण जिथे दिसली होती तिथपर्यंत मागे, म्हणजेच वर चढून जावे. ओहोळ धरून खाली उतरण्याचा मोह होतो, पण इथले ओहोळ धबधब्यांवर आणि कड्यांवर संपतात आणि तिथून ना खाली जाता येते ना वर. धारेच्या दिशेने गेले की वाट सापडण्याची आणि सिग्नल मिळण्याची शक्यता वाढते. दुखापत झाली तर ११० वर फोन करून शिखराचे नाव, जवळचे बाक आणि नकाशावरचे अक्षांश-रेखांश सांगावेत, आणि मग जागा सोडू नये.

खाली पोहोचताच, बस गाठण्याआधी किंवा ओन्सेनमध्ये उतरण्याआधी, कंपासवर उतरल्याची नोंद करावी आणि संपर्काला निरोप पाठवावा. सिग्नल नसल्यास नाकाबुसा ओन्सेनमधून फोन करण्याची विनंती करावी. ही नोंद विसरली गेली तर शोधपथक विनाकारण निघू शकते. त्याच संध्याकाळी प्रत्येक टप्प्याची वेळ वहीत उतरवून घ्यावी. गुणोत्तर दिवसभर एकच्या खाली राहिले असेल आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पाय दुखत नसतील, तर पुढच्या वेळी इचिनोसावा बाजूने २८५७ मीटरच्या जोनेन-दाकेचा विचार करता येईल. ३१९३ मीटरच्या किता-दाकेसाठी मात्र निवाऱ्यावरच्या मुक्कामाचे आरक्षण करून दोन दिवस काढावेत.